भिंतीआडचा ट्रान्सफॉर्मर

आमच्या धाकटीबद्दल एक भीती माझ्या मनातून काही केल्या जात नाही. ही मुलगी कधीतरी दुसऱ्याच्या चुकीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेणार, आणि वर ते तुकडे गोळा करून म्हणणार, "आई, टाकू नकोस, कुंडीच्या तळाशी घालायला बरे पडतील."

येत्या गुरुवारी तिची चौकशी आहे. ती वीज कंपनीत इंजिनिअर आहे. चौकशी तिची, पण ती आतल्या खोलीत गाढ झोपली आहे, तिचे बाबा घोरताहेत, आणि जागी मी. लोक विचारतात, "धाकटी काय करते हो?" तेव्हा मी "कंपनीत आहे" एवढंच सांगून विषय बदलते. आज म्हटलं, ती काय करते ते एकदा नीट लिहून तर काढू. तिच्या लग्नाचा विषय यात काढणार नाही, असं तिच्या बाबांना वचन दिलं आहे, ते पाळते.

लहानपणापासून तिला उरलेल्या गोष्टींचा लळा. घराला रंग दिला, तेव्हा प्रत्येक खोलीचा थोडाथोडा रंग डब्यांत उरला होता. आम्ही दुपारी जरा पडलो, तेवढ्यात बाईसाहेबांनी सगळे डबे एका बादलीत ओतले आणि जिन्याचा कठडा रंगवून टाकला. त्या रंगाला आजवर कुणाला नाव देता आलेलं नाही. पाहुणे कठड्याला हात लावून विचारतात, "हा कुठला शेड?" यांचं उत्तर ठरलेलं: "कारखान्यात मिळत नाही. घरी जन्मलेला आहे."

शिकली, कंपनीत लागली, मुख्य कार्यालयाच्या नियोजन विभागात बसली. मी किती सुखात होते म्हणून सांगू! चौथा मजला, थंडगार खोली, टेबलाशेजारी खिडकी. कुठल्या भागाला किती केबल लागेल, किती खांब, किती ट्रान्सफॉर्मर, याचा हिशेब करून खरेदीसाठी पुढे पाठवायचं. एक दिवस ती घरी आली ती तोंड पाडून.

"काय झालं गं? साहेब बोलले का?"

"आई, मी आज नवी केबल मागवायच्या कागदावर सही केली. आणि आमच्याच दुसऱ्या विभागाने तस्सीच केबल भंगाराच्या लिलावात काढलीय. कोरी. ड्रमवरच्या फळ्यासुद्धा काढलेल्या नाहीत."

"मग साहेबांना सांगायचं."

"सांगितलं. म्हणाले, ते त्यांचं बघतील, आपण आपलं बघू. मी विचारलं, सर, ते म्हणजे पण आपणच ना?"

हे असलं बोलायची काही गरज होती का, सांगा. पण तिने ते बोलून दाखवलं, मग पुन्हा बोलून दाखवलं, वरच्या साहेबांपुढेही बोलून दाखवलं. शेवटी कंटाळून त्यांनी तिच्यासाठी एक नवा कक्ष काढला. कक्ष म्हणजे मध्यवर्ती स्टोअरच्या जिन्याखालची खोली. जिथे जिना उतरतो तिथे उभं राहिलं की डोकं आपटतं. एक टेबल, एक फोन आणि खिडकीच्या जागी पत्रा. काम काय, तर कंपनीच्या सगळ्या विभागांत जे साहित्य जास्तीचं पडलं असेल ते शोधायचं आणि ज्यांना हवं असेल त्यांच्याकडे पोचवायचं. मुख्य कार्यालयातली जुनी मंडळी तिला भंगारसम्राज्ञी म्हणू लागली. मला ऐकून रडू आलं. तिने स्वतःच तो शब्द एका पाटीवर रंगवून दारावर लावला.

"पाटी कशाची आहे माहितीये?" ती म्हणाली. "मोडीत काढलेल्या मीटरच्या पेटीचं झाकण!"

आता यातली खरी गोम सांगते, कारण ती मलाही उशिरा कळली. कंपनीत साहित्य कमी नव्हतंच. ते लपलेलं होतं. प्रत्येक विभागाला एक पोट असतं, हा त्यांचाच शब्द. काम संपलं आणि तीन ड्रम केबल उरली, तर ती परत करायची असा नियम. पण परत केली की ती गेलीच. पुन्हा लागली तर महिनोन्‌महिने पत्रं पाठवत बसा. म्हणून कुठलाही शहाणा स्टोअरकीपर ती परत करत नाही. कागदावर केबल जमिनीत पुरलेली असते, आणि प्रत्यक्षात ती पंपघराच्या मागे ताडपत्री पांघरून झोपलेली असते. यात कुणी घरी काही नेत नाही, एक खिळासुद्धा नाही. फक्त आपल्या भागात अंधार झाला तर हाताशी असावं, म्हणून पोटात ठेवायचं. मग ते तिथेच विसरलं जातं, गंजतं, आणि नवा माणूस आला की भंगार म्हणून निघतं.

मला हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर काय काय आहे ते मला माहीत आहे.

धाकटीने वर्षभर परिपत्रकं काढली. "आपल्या विभागातील अतिरिक्त साहित्य तात्काळ कळवावे." सगळीकडून एकच उत्तर: आमच्याकडे काहीही अतिरिक्त नाही. ती इतकी हिरमुसली, की मी मनातल्या मनात खूष झाले. म्हटलं, आता परत जाईल खिडकीपाशी. तेव्हा यांनीच आगीत तेल ओतलं. जेवताना म्हणाले, "अगं, लपवलेलं बाहेर काढायचं असेल तर 'का लपवलंस' हे विचारायचं नसतं. तुझ्या आईला विचार."

तिचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तिने कागद पाठवणं बंद केलं आणि स्वतः विभागांमध्ये फिरू लागली. प्रत्येक स्टोअरकीपरसमोर बसून शब्द दिला: तुम्ही जे आणाल ते कुठून आलं, इतके दिवस कुठे होतं, हे मी विचारणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही. शिवाय जो देईल, त्याला पुढे काही लागलं तर त्याचा पहिला हक्क. वरच्या साहेबांनी तोंडी हो म्हटलं. तोंडीच, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

पहिल्या महिन्यात मध्यवर्ती यार्डात कुणीच फिरकलं नाही. दुसऱ्या महिन्यात एकाने चार जुन्या मीटरच्या पेट्या आणल्या, म्हणजे पाण्यात बोट घालून पाहिलं. धाकटीने त्या घेतल्या, चहा पाजला, आणि त्याला कधीपासून हवे असलेले इन्सुलेटर त्याच्या गाडीत चढवून दिले. ती बातमी कंपनीत कुठल्याही परिपत्रकापेक्षा वेगाने पसरली. मग दर महिन्याला यार्डात जत्रा भरायला लागली.

आणि एक दिवस कुलूपकाका आले. हे उत्तर विभागाचे स्टोअरकीपर, निवृत्तीला काही महिने राहिलेले. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते येताहेत हे आधी ऐकू येतं. धाकटीने तो प्रसंग मला इतक्या वेळा करून दाखवला आहे, की मी तिथे होते असंच मला वाटतं.

"मॅडम, माझ्याकडे एक आहे," ते कुजबुजले. "पण ते बाहेर येत नाही."

"कोण? माणूस आहे का काका?"

"नाही हो. ट्रान्सफॉर्मर."

"मग उचलून आणू ना. क्रेन पाठवते."

"क्रेनला जागा नाही. समोर भिंत आहे."

"भिंतीला दार असेल."

"होतं. मीच बुजवलं." काका किल्ल्यांशी चाळा करत राहिले. "पुढं काय झालं, कंपनीला त्या भिंतीला लागून काहीतरी बांधायचं सुचलं."

"काय बांधलं?"

"कर्मचाऱ्यांची स्वच्छतागृहं."

बारा-पंधरा वर्षांपूर्वी काकांनी यार्डाच्या टोकाच्या खोलीत एक नवाकोरा ट्रान्सफॉर्मर ठेवला आणि तपासणीला येणाऱ्यांना दिसू नये म्हणून दाराच्या जागी विटा रचल्या. कागदावर तो जळाल्याचं लिहिलं. पुढे गवंडी आले आणि त्याच भिंतीला टेकून शौचालयं बांधू लागले, तेव्हा काका समोर उभे राहून बघत होते. बोलणार काय? थांबा, आत जळालेला ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, म्हणून?

हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. पण त्याच आठवड्यात एका भागाला पाणी पुरवणाऱ्या पंपांचा ट्रान्सफॉर्मर जळाला. खरोखरच जळाला. नवा यायला तीन महिने लागणार होते. इतक्या घरांच्या नळांना तीन महिने पाणी नाही! धाकटीने काकांच्या साहेबांना फोन केला, गवंडी बोलावला, आणि स्वच्छतागृहाची मागची भिंत पाडली. आत तो कपाटाएवढा ट्रान्सफॉर्मर धुळीच्या गोधडीखाली शांत बसलेला. त्याचं तेल बदललं, आतून वाळवला, सगळ्या चाचण्या केल्या. पंप सुरू झाले त्या दिवशी तिथल्या पंपचालकाने धाकटीला फोन लावून नुसता पंपाचा आवाज ऐकवला. तिने तो आम्हालाही ऐकवला. घर्र घर्र. हे म्हणाले, "छान आहे, पण चाल जरा संथ वाटते."

इथपर्यंत सगळं झकास. पण ज्यांचं स्वच्छतागृह पाडलं, त्यांनी तक्रार केली. त्यांचंही बरोबर आहे. ती माणसं आठ दिवस समोरच्या पेट्रोलपंपावर जात होती. तक्रारीची चौकशी करायला मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आले. त्यांनी विचारलं, भिंत का पाडली? ट्रान्सफॉर्मरसाठी. ट्रान्सफॉर्मर तिथे कसा? आणि मग सगळं त्याच एका प्रश्नावर येऊन अडकलं. त्या यार्डात इतक्या वर्षांत पुष्कळ माणसं आली आणि गेली. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला जळालेला कुणी ठरवलं आणि विटा कुणी रचल्या, हे कंपनीत काकांखेरीज एकट्या धाकटीला माहीत आहे. ती सांगत नाही. ज्या साहेबांनी तोंडी हो म्हटलं होतं, त्यांनी कानांवर हात ठेवले.

"नाव सांगून मोकळी हो," मी तिला म्हटलं. "तुझा काय संबंध?"

"आई, काकांची पेन्शन अडकेल."

"आणि तुझी नोकरी?"

"मी नाव सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून यार्ड रिकामं. पुन्हा कुणी ताडपत्री उचलणार नाही. मग नोकरी राहिली तरी करायचं काय तिथे बसून? डोकं आपटून घ्यायचं?"

अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं आहे: गुरुवारी नाव द्या, नाहीतर जबाबदारी तुमची. 

मी माझ्या मामेभावाला, दादाला फोन केला. दादा याच कंपनीत मोठ्या पदावरून निवृत्त झाला. आमच्या सगळ्या घराण्याच्या अडचणी त्याच्या फोनवर सुटतात. त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"अगं, चौकशी-बिकशी असतेच. त्यात पडायचंच कशाला? मी सांगतो कुणालातरी. तिला दोन दिवसांत नियोजनात परत घेतील. तो कक्ष बंद करून टाकतील, म्हणजे प्रश्नच मिटला. तू फक्त हो म्हण. तिला कळायचंसुद्धा नाही."

खिडकी, थंडगार खोली, चौथा मजला. माझ्या जिभेवर हो आलं होतं. "उद्या-परवा सांगते," म्हणून मी फोन ठेवला. यांना सांगितलं, तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझी मुलगी आहे. पण तिला कळायचं नाही, असं समजू नकोस."

आज यार्डाचा दिवस होता. धाकटी घाईत चष्मा विसरून गेली. तो पोचवायचं निमित्त करून मी निघाले. खरं सांगायचं तर मला रिकामं यार्ड बघायचं होतं. चौकशीच्या भीतीने कुणी आलं नसेल, तर दादाला हो म्हणायला मन मोकळं झालं असतं.

फाटकाबाहेर ट्रकांची रांग होती.

आत केबलचे ड्रम घरंगळत होते, कुणी खांब मोजत होतं, आणि माणसं एकमेकांची टर उडवत होती.

"एवढे इन्सुलेटर दडवले होतेस? रोज कुरवाळून झोपत होतास की काय?"

"तू गप रे! तुझ्या पेट्यांत उंदरांची तिसरी पिढी आहे. ती पण जमा करून घेणार का, मॅडमना विचार!"

"अहो मॅडम, याला पहिला हक्क देऊ नका, हा दिलेलं परत मागायला उद्याच येईल!"

माझी धाकटी मधोमध, केसांत धूळ, चष्म्याशिवाय डोळे बारीक करून सगळ्यांवर ओरडत होती. मला पाहून म्हणाली, "आई! बरं झालं आलीस. तिकडे सावलीत बस, तो ड्रम सोडून कशावरही बस, तो आत्ता जाणार आहे." आणि चष्मा घालून गेली.

माझ्या शेजारी किल्ल्या वाजल्या. काकांनी चहाचा कप माझ्या हातात दिला.

"तुम्ही मॅडमच्या आई ना? ताई, मी उद्या जाऊन स्वतःचं नाव सांगणार होतो. मॅडमनी शपथ घालून थांबवलंय."

मला रागवायचं होतं. पण ते मला बसायला म्हणून एक खोकं रुमालाने पुसत होते, ते बघून राग कुठच्या कुठे गेला. मी नुसतं विचारलं, "पण काका, भिंत घालायचं सुचलं तरी कसं तुम्हाला?"

"मला कुठलं सुचतंय!" ते पटकन म्हणाले. "आमचे तेव्हाचे साहेब. भला माणूस. दोनदा असं झालं, की वरून फोन आला आणि आमच्या यार्डातला ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या विभागाने नेला. दोन्ही वेळा आमच्याकडे बिघाड झाला आणि माणसं चार-चार दिवस अंधारात. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, आता हा कुणाला मिळणार नाही. जळाल्याचं त्यांनीच लिहायला लावलं, आणि सुट्टीच्या दिवशी पांढऱ्या शर्टात स्वतः सिमेंट कालवायला बसले. मी विटा रचल्या, ते वर थापी मारत होते. पुढं त्यांची बदली झाली आणि ते विसरूनही गेले असतील."

"हे मुलीला सांगितलंत?"

"छे! मी केलं, एवढंच सांगितलं. ते आता निवृत्त झालेत, त्यांचं नाव कशाला मधे?"

मी नाव विचारलं. आईसमोर माणूस जसा पटकन बोलून जातो, तसे ते बोलून गेले. ते नाव ऐकून माझा चहा अंगावर सांडला. त्या नावाच्या माणसाने मला सायकल शिकवली आहे.

घरी येताना सबंध रस्ता मी एकटीच हसत होते आणि मधेच हसू मावळत होतं. दादा! आमचा कडक इस्त्रीचा, शिस्तीचा दादा, बायकोच्या कपाटातली रिकामी खोकी बघून चिडणारा दादा, सिमेंट कालवत बसलाय! आणि त्यामागचं कारण किती साधं: आपल्या भागातल्या लोकांना अंधारात बसावं लागू नये. माझ्या मुलीलाही तेच हवं आहे. त्याने त्यासाठी भिंत घातली, तिने त्यासाठीच पाडली.

ज्या भिंतीमुळे चौकशी चालू आहे ती त्याची आहे, हे त्याला माहीत नसणार. मी "यार्डातली भिंत" म्हणाले होते. कुठलं यार्ड ते सांगायच्या आतच त्याने मला बदलीचं सांगून टाकलं. तो निवृत्त आहे, त्याचं सगळं मार्गी लागलं आहे, आता कुणी त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही. हुकूम माझा होता, स्टोअरकीपरने ऐकला, एवढं त्याने अधिकाऱ्यांपुढे सांगितलं तर काका सुटतात, आणि धाकटीला तिचा शब्द मोडावा लागत नाही. जाईल ती फक्त त्याची इस्त्री. ती त्याला पेन्शनपेक्षा प्यारी आहे, हेही मला माहीत आहे. तो चिडेल. "मी तुझ्या मुलीसाठी शब्द टाकायला निघालो, आणि तू मलाच उभं करतेस?" म्हणेल. वहिनी वर्षभर बोलायची नाही. धाकटीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मलाही शपथ घालून थांबवेल.

यांना मात्र झोपायच्या आधी सांगितलं. ते उठून बसले.

"नाही म्हणाला तर?"

"तर निदान विचारलं तरी असेल."

"आणि बदलीचं?"

"झोपा आता," मी म्हटलं. पण बदलीचं मघाशी, हे लिहिता लिहिता ठरलं. त्या जिन्याखालच्या खोलीत तिचं डोकं आपटत राहणार, आणि मी काळजी करत राहणार, त्याला इलाज नाही. पण आज तिला तिथून मागच्या दाराने काढलं, तर त्या ट्रकांना सांगायचं काय?

दादा सकाळी फिरून आला, की पायातले बूट काढायच्या आधी पेपर उघडतो. नेमका तेव्हाच त्याला गाठायचा. बदलीचं राहू दे, म्हणेन. गुरुवारी सकाळी मोकळा आहेस का, विचारेन, आणि मग भिंतीचं काढेन.